आधी वरचा बोल्ट

एप्रिलच्या शेवटी तळोद्याला दुपारी दोन ते पाच या वेळात माणसाला दोनच गोष्टी करता येतात, झोपणं किंवा वाद घालणं. आमच्या मामांच्या घरात दुपारी झोपायची पद्धत नाही.

त्या दिवशीचा वाद गिअर ऑइलवरून होता. माझी थोरली बहीण धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. शनिवारी चांदसैली घाट उतरून मामांकडे यायचं आणि सोमवारी पहाटे तोच घाट चढून जायचं, हा तिचा नेम. गाडी छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी, ६२ हजार किलोमीटर झालेली. महिन्याभरापासून घाट उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलं की दांडी हाताला अडायची आणि कधीमधी खालून खर्र असा आवाज यायचा. ताईनं ऑइलचे डबे, तांब्याची दोन वायसरं आणि एक हातपंप नंदुरबारहून आणूनच ठेवला होता.

“उद्या सकाळी ऑइल मी बदलणार आहे,” ती म्हणाली. “इथंच, अंगणात.”

मामांचा अडकित्ता थांबला. “कसाले वं माय?”

मामा चिडले की अहिराणीत शिरतात आणि समजावायला लागले की मराठीत येतात. एसटीत ३४ वर्षं मेकॅनिक होते, अर्धी अक्कलकुवा आगारात आणि अर्धी शहाद्याला. ते नोकरीला लागले तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. १ जुलै १९९८ पर्यंत आम्ही सगळे धुळे जिल्ह्यातले. जिल्हा वेगळा झाला, पण एसटीचा विभाग धुळ्यालाच राहिला, म्हणून मामा अजूनही साहेब म्हटलं की धुळ्याच्या दिशेनं बघतात.

“गावात गॅरेजं आहेत, शिकलेली पोरं आहेत, रॅम्प आहे. मजुरीचे तीन-चारशे वाचवायला तू गाडीखाली झोपणार?”

“पैशाचा प्रश्नच नाही, मामा. मागच्या वर्षी एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात गिअर ऑइल लावलं. घरी येऊन मी वाकून बघितलं, तर बोल्टवर घाटातल्या चिखलाचा थर जसाच्या तसा, वाळून कडक झालेला. पाना लागला असता तर माती फुटली नसती का?”

मामा गप्प झाले. ३४ वर्षं ज्यानं बोल्टवरची माती वाचली, त्याला या पुराव्याला उत्तर नव्हतं. तरी म्हणालेच, “ढेकूण झाले म्हणून कोणी घर जाळत नाही.”

“घर जाळत नाहीये. ढेकूण मारतेय.”

मग मामांनी गोष्टी काढल्या. एका माणसानं मोठ्या उत्साहात खालचा बोल्ट खोलला, जुनं ऑइल सगळं काढलं, आणि मग कळलं की भरायचा, म्हणजे वरचा बोल्ट काही केल्या हलत नाही. पाना घसरून घसरून त्याची कडा गोल झाली. गिअरबॉक्स कोरडा आणि गाडी दारात. शेवटी टेम्पोत घालून न्यावी लागली. दुसऱ्यानं त्याहून कमाल केली. इंजिनचं ऑइल समजून गिअरबॉक्सचं काढलं आणि नवं ओतलं इंजिनात. इंजिनात दुप्पट ऑइल, गिअरबॉक्सात थेंब नाही, अशी गाडी घेऊन निघाला तो शहाद्याला. पोचला नाही.

“आणि तिसरी, ती जॅकवाली...” मामा थांबले. “ती राहू दे.”

ती गोष्ट मी लहानपणापासून तीन-चारदा अशीच अर्धवट ऐकली आहे. मामा ती कधीच पूर्ण करत नाहीत.

ताईनं मात्र माघार घेतली नाही. “त्या दोघांनी गाडीचं पुस्तक उघडलं नव्हतं, मामा. मी आधी वरचा बोल्ट खोलणार. तो निघाला तरच खालच्याला हात लावीन. आणि मोटारसायकलवाले फसतात ते यामुळेच. त्यांच्या गाडीत इंजिन आणि गिअर एकाच ऑइलात असतात, त्यामुळे कारमध्येही खाली एकच बोल्ट असेल असं त्यांना वाटतं.”

हे तिचं बरोबर होतं. खेड्यापाड्यांत प्रत्येक पोरगा मोटारसायकलचं ऑइल स्वतः बदलतो आणि त्याच जोरावर कारखाली शिरतो. कारमध्ये गिअरबॉक्सचा संसार वेगळा. जीप आणि बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तर तो आणखी विभागलेला असतो: गिअरबॉक्सचं ऑइल निराळं, मागच्या आसावरच्या क्राउन-पिनियनचं निराळं. छोट्या गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत एकाच ऑइलावर राहतात.

“ऑइल कुठलं आणलंस?” मामांनी विचारलं. हा प्रश्न मला परीक्षेचा वाटला.

“पंचाहत्तर-नव्वद. जीएल-चार.”

“दुकानदारानं दिलं?”

“दुकानदार जीएल-पाच देत होता. म्हणाला, ताई, चारपेक्षा पाच भारी. मी पुस्तक दाखवलं.”

अडकित्ता पुन्हा सुरू झाला. मामा खूश झाल्याची ही खूण. “आमच्याकडे दोनच ऑइलं चालायची. गिअरला नव्वद नंबर, क्राउनला एकशेचाळीस. आता डब्यावर दहा आकडे असतात आणि लोक त्यातला मोठा आकडा उचलतात.”

हे चार आणि पाच म्हणजे चौथीतून पाचवीत गेल्यासारखं नाही. मागच्या आसावर पिनियनचे दात क्राउनच्या दातांवर नुसते बसत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरत जातात. तिथे साधं ऑइल पिळून बाहेर निघतं आणि लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून जीएल-पाचमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त प्रमाणात घालतात. गरम झाली की ती पोलादावर पातळ थर धरतात आणि तो थर स्वतः झिजून दात वाचवतो. गिअर ऑइलला जो सडका वास येतो तो त्या गंधकाचा. आता गिअरबॉक्सात या. तिथे गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवायला पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात. त्याच संयुगांनी पितळ खाल्लं जाऊ शकतं, आणि ऑइल जास्तच निसरडं असेल तर रिंगेची पकड सुटते. आता काही डब्यांवर दोन्ही कामांना चालेल असं लिहिलेलं असतं, पण ज्यानं गाडी बनवली त्यानं जे लिहिलं आहे ते सोडून दुकानदाराच्या ‘भारी’वर जाऊ नये. आणखी एक गंमत म्हणजे गिअर ऑइलचा नव्वद नंबर इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नास नंबराइतकाच दाट असतो. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच. ‘नव्वद म्हणजे डांबर’ हा समज तिथेच मोडतो.

मी मध्येच विचारलं, “आणि माझ्या ऑटोमॅटिकचं?”

“हात लावू नकोस,” दोघं एकदम म्हणाले. अख्ख्या दुपारीत एकमत झालेलं हे एकच वाक्य.

कारण विचारल्यावर मात्र कारणं दोन मिळाली. ताई म्हणाली, त्यातलं लाल ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्या दाबावर आतले क्लच बसतात, म्हणजे ते काम करणारा हातच आहे. पुष्कळ गाड्यांत मोजायची काडी नसते, ठरावीक तापमानाला आणून पातळी बघावी लागते. बोल्ट खोलला तरी सगळं उतरत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरात अडकून राहतं. मामांचं कारण थोडक्यात होतं: “ज्याचा आतला आवाज मला ओळखता येत नाही, त्याला मी हात लावत नाही.” हां, ज्या गाड्यांना लोक ऑटोमॅटिक म्हणतात पण ज्या खरं तर एएमटी असतात, २०१४ पासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आल्या त्या, त्यांचा गिअरबॉक्स आतून साधाच असतो. दांडी फक्त माणसाच्या ऐवजी यंत्र हलवतं. पण त्या यंत्राचं तेल वेगळं, त्यामुळे तिथेही पुस्तकाशिवाय पाऊल टाकू नये.

चहा झाला आणि मामा खऱ्या मुद्द्यावर आले.

“पातळी कशी बघशील? जॅकवर पुढचं तोंड उचललंस की गाडी तिरपी झाली. गाडी तिरपी म्हणजे पेटीतलं ऑइल तिरपं. वरच्या भोकातून ओघळलं म्हणून भरलं असं समजशील, आणि गाडी खाली आणल्यावर कमी निघेल, नाहीतर जास्त. आगारात पीट होता. गाडी चारी चाकांवर सपाट उभी, माणूस खाली ताठ उभा. आणि शेतात काय करायचे ठाऊक आहे? चारीवर गाडी घालायचे. दोन चाकं या काठावर, दोन त्या काठावर, माणूस चारीत. काळी जमीन आहे आपली. काठ ढासळला की संपलं.”

“मग तुम्ही कधी चारीत शिरला नाहीत?”

मामांनी हे ऐकलंच नाही.

ताईनं आवाज खाली आणला. “मामा, पावसाळ्यात दरड पडली की घाट बंद होतो. फरशी पुलावरून पाणी चाललं की तासतास थांबावं लागतं. कित्येक वळणांवर फोन लागत नाही. तिथं गाडी बंद पडली तर मला कोणी रॅम्पवर चढवणार नाही. माझी गाडी खालून कशी दिसते, कुठं ओलं आहे आणि कुठं कोरडं, हे मला ठाऊक असावं एवढंच म्हणणं आहे.”

फरशीचा विषय निघाला तसे मामा सरसावले. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. घाट उतरून गरम झालेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि नळी बाहेरचं ओढून घेते. नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर आत पाणी जातं. मग ऑइल दुधाळ होतं, पावसाळी टपरीवरच्या चहासारखं. बहुतेक पुस्तकं मॅन्युअल गिअरबॉक्सला बऱ्याच हजार किलोमीटरची मुदत देतात, काही तर आयुष्यभर बदलू नका म्हणतात. पण ती मुदत पाण्यात न शिरलेल्या गाडीची. सातपुड्यात राहणाऱ्यानं पावसाळा संपल्यावर एकदा बोट बुडवून बघावं, हे मामांचं मत. ताईचं मतही तेच. फरक एवढाच की बोट कोणाचं असावं.

“आगारात मी बोल्ट आवळायचो,” मामा बऱ्याच वेळानं म्हणाले, “आणि दुसरा येऊन त्यावर हात फिरवायचा. खडूची रेघ मारायचा. कधी मी त्याच्या कामावर मारायचो. ३४ वर्षांत त्या दुसऱ्या हातानं मला किती वेळा वाचवलं, ते मलाच ठाऊक. तू अंगणात एकटी. बोल्ट आवळायला विसरलीस तर कोण सांगेल?”

मामांची खरी भीती इथे होती. ती मला पटली, पण त्यांना जो निष्कर्ष काढायचा होता तो पटला नाही. ज्या गॅरेजात एकच पोरगा चार गाड्या उरकतो, तिथेही दुसरा हात नसतो. रॅम्प असतो, पण रॅम्प खडूची रेघ मारत नाही. घर की गॅरेज यापेक्षा एक माणूस की दोन, याला मी जास्त महत्त्व देतो. तसं मी बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, तू ऑटोमॅटिक चालवतोस, तू बोलू नकोस.

रविवारी सहाला उठून बघतो तर अंगणात चार लोखंडी घोड्या मांडलेल्या. रंग उडालेल्या, पण पाय सरळ. गाडी चारी बाजूंनी सारखी उचलायला चार लागतात. घरात चार घोड्या बाळगणारा माणूस काल दुपारभर गॅरेजला जा म्हणत होता. मी काही बोललो नाही.

ताई हातोडा गावाच्या रस्त्यानं दहा मिनिटं गाडी फिरवून आली, ऑइल कोमट होऊन पातळ व्हावं म्हणून. गाडी घोड्यांवर चढली, मामांनी चारी बाजूंनी ढकलून बघितली, मगच तिला खाली जाऊ दिलं. वरचा बोल्ट अर्थातच हलेना. ताई पान्याला लोंबकळली. मामा बाहेरून म्हणाले, “सोडायच्या आधी आवळ. अगदी सुताएवढा. आणि डोक्यावर हातोडीचे दोन टोले.” कट्ट असा आवाज आला. मामांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच विरोधात होतो.

खालचा बोल्ट सुटल्यावर काळी धार पडली. ताईनं सगळं ऑइल घमेल्यातून मापात ओतून मोजलं. भरलं जायला हवं दोन लिटर शंभर मिली, निघालं पावणेदोन लिटरही नाही. हे मामांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आगारात काढलेलं ऑइल कोणी मोजत नाही, पिंपात जातं. मामा वाकले, बॅटरी मारली, आणि डाव्या चाकाकडे जाणारा दांडा जिथे पेटीत शिरतो तिथलं सील बोटानं पुसून बघितलं. बोट ओलं.

“झिरपतंय,” मामा म्हणाले.

बोल्टच्या टोकाला चुंबक होतं. त्यावर मशेरीसारखा राखाडी लगदा बसला होता. मामांनी तो अंगठा आणि बोटात चोळला. मऊ लागला, खडा नाही, तुकडा नाही. एवढं लोखंड झिजणारच, त्याचं काही नाही. मग त्यांनी आतून स्टीलची ताटली मागवली, तिच्यात चमचाभर जुनं ऑइल घेतलं आणि उन्हात तिरपी धरली. ऑइल संथपणे सरकलं आणि मागे बारीक सोनेरी कण चमकत राहिले, जुन्या शालूची जर झडावी तसे. मामांनी ताटलीखालून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. कण जागचे हलले नाहीत.

“पितळ. दुसऱ्याची रिंग चाललीये. ऑइलनं बरी होणार नाही, थोडी नरम पडेल. रिंगेसाठी पेटी उतरवावीच लागते. सील बाहेरूनही निघतं म्हणा, पण मग रिंगेसाठी पुन्हा खर्च. दिवाळीच्या सुट्टीत एकदमच कर. तोवर महिन्याला वरचा बोल्ट खोलून बोट घाल.”

“आणि घाट?”

तिथे मामांनी तिला डबल क्लच शिकवला, अंगणात, घोड्यांवर चढलेल्या बंद गाडीत. आधी क्लच दाबून न्यूट्रल. क्लच सोड. ॲक्सिलरेटरला हलका ठोसा. पुन्हा क्लच, मग दुसरा. रिंग जे काम करते ते पायानं करायचं, म्हणजे रिंगेवर भार येत नाही. सिंक्रो नसलेल्या जुन्या गाड्या घाटात अशाच चालायच्या. ताईनं तेवीस-चोवीस वेळा केलं असेल. खर्र न करणाऱ्या बंद गाडीत ते जमलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण मामांना पायाची लय ऐकून कळत होतं म्हणे.

नवं ऑइल पंपानं भरलं. वरच्या भोकातून बारीक ओघळ आला, थेंब थेंब झाला, थांबला. तांब्याचं नवं वायसर, बोल्ट. ताई बाहेर आली आणि मामांकडे बघत उभी राहिली. मामा कुरकुरत गुडघ्यावर बसले, आडवे झाले, आत सरकले. दोन्ही बोल्टांवरून हात फिरवला. मग आतूनच ओरडले, “खडू आण कोणीतरी.”

राहिलं ते काळं ऑइल. ताईनं ते पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून झाकणावर मार्करनं तारीख टाकली होती. तिचं म्हणणं, वापरलेलं ऑइल हे २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून घेण्याची जबाबदारी आली आहे. तेव्हा कॅन गॅरेजच्या पिंपात जाईल, गोठ्यात नाही, ओढ्यात तर नाहीच. मामांचं म्हणणं, गोठ्याच्या चौकटीला वाळवी लागली आहे आणि जळक्या ऑइलासारखं तिला औषध नाही, बाप-आज्यापासून लावतात. घरी ऑइल बदलण्याच्या सगळ्या कारभारात हीच बाजू मला सगळ्यात लंगडी वाटते. बदलणारे खूप असतात, पिंपापर्यंत जाणारे थोडे. ताईच्या बाजूनं मी तसं स्पष्ट बोललो.

“बरं,” मामा म्हणाले. “कॅन ओट्यावर ठेव. जाताना टाकू गॅरेजात.”

दिवाळीत गेलो तेव्हा कॅन ओट्यावरच होता. झाकणावर ताईच्या अक्षरातली तारीख स्वच्छ वाचता येत होती. उचलून बघितला, भरलं होतं त्याच्या अर्ध्याहून कमी. गोठ्याची चौकट खालून कमरेइतकी काळी कुळकुळीत झाली होती, आणि मामा त्या दिवशी पूर्ण वेळ अहिराणीतच बोलत होते.